कोणी कळवलं, कोणाला कळवलं

अगं छोटे, तुझं इंग्रजी कच्चं आहे हे आधी डोक्यातून काढून टाक. दिवसभर इन्स्पेक्शन रिपोर्ट इंग्रजीत भरतेस, ड्रॉइंगवरच्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या नोट्स वाचतेस, बाहेरून मेल आला की साहेब तुलाच हाक मारतात. तू अडतेस ती फक्त प्रश्न विचारताना. शुक्रवारच्या कॉलवर तुमचा माल घेणाऱ्या स्पेनमधल्या त्या गृहस्थाने काही विचारलं, तर तुझं उत्तर तयार असतं. तुझ्यावर विचारायची पाळी आली की ‘आय विल मेल यू’ म्हणून मोकळी होतेस आणि मग त्या एका ओळीच्या मेलशी अर्धा तास झटापट करतेस. संध्याकाळी माझ्याकडे बसायला येणाऱ्या कॉलनीतल्या डिप्लोमाच्या पोरीही नेमक्या इथेच अडतात.

आणि का नाही अडणार? शाळेत आपण इंग्रजीत प्रश्न विचारला कधी? प्रश्न पुस्तकात छापलेला असायचा, आपण फक्त उत्तर लिहायचो. मी पाचवीपासून इंग्रजी शिकले. तुमच्यासाठी सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून आणलं, म्हणजे तुला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली. पण त्या चार वर्षांतही विचारणार बाई आणि सांगणार तुम्ही. पुढे व्याकरणात एक प्रकार यायचा, अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा. मार्क पक्का मिळायचा, कारण उत्तर डोळ्यासमोर असायचं. कॉलवर तसं कुठे असतं? उत्तर ठाऊक नसतं म्हणूनच तर आपण विचारतो. त्यात आपल्या घराघरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची सवय मुरलेली, मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या पोरं शिकवली, मी तिला नावं ठेवणार नाही. पण समोरचा माणूस स्क्रीनवर टक लावून बसलेला असताना मनात आधी मराठी वाक्य जुळवायचं, मग ते उलटवायचं, एवढा दम निघत नाही गं.

मराठीत विचारणं किती सोपं आहे बघ. ‘तू कॉलनीत राहतेस.’ यातलं ‘कॉलनीत’ उचलायचं, तिथे ‘कुठे’ ठेवायचं, झाला प्रश्न. ‘तू कुठे राहतेस?’ बाकीचं वाक्य जागचं हलतसुद्धा नाही. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि म्हणतो, ‘यू लिव्ह व्हेअर?’ थोडी धीट मुलगी ‘व्हेअर’ उचलून पुढे आणते, ‘व्हेअर यू लिव्ह?’ दोन्हींत जे राहून गेलं ते म्हणजे दुसरी जागा.

प्रश्नाचा शब्द पहिला. त्याच्या लगेच नंतरची जागा म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसमधली पासवाल्याची खिडकी समज. गर्दी किती का असेना, तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही. ही जागा सहायक क्रियापदाची, ‘डू’, ‘डज’, ‘डिड’, ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅव’ या मंडळींची. मग कर्ता, मग मूळ क्रियापद. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ ‘व्हेन विल द ट्रक लीव्ह?’ ‘हाऊ मेनी पीसेस हॅव यू चेक्ड?’ बोलताना ‘व्हेअर’ म्हणून झालं की क्षणभर थांब आणि खिडकीत कोण बसलंय ते बघ. तिथे ‘यू’ किंवा ‘ही’ बसला असेल तर उठव त्याला.

‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ ही मंडळी मूळ क्रियापद असली तरी स्वतःच त्या जागेवर येऊन बसतात, त्यांना ‘डू’ लागत नाही. ‘व्हेअर इज द गेज?’ पुरे. गेल्या महिन्यात एका पोरीने ‘व्हेअर डज द गेज इज?’ लिहिलं. ‘डू’ शिकल्यानंतर थोडे दिवस सगळीकडे तोच दिसायला लागतो, त्यातला प्रकार.

काळाची आणि ‘एस’ची खूण एकदाच लागते, आणि ती या दुसऱ्या जागेवर. ‘डज’मध्ये ‘एस’ येऊन गेला, म्हणून पुढे ‘लीव्ह’, ‘लीव्ह्ज’ नाही. ‘डिड’ने भूतकाळ सांगून टाकला, म्हणून पुढे ‘सेंड’, ‘सेंट’ नाही. ‘व्हेन डिड यू सेंट द सॅम्पल?’ हे तुझ्या तोंडून मी स्वतः ऐकलंय, नाही म्हणू नकोस. दोनदा भूतकाळ आणला म्हणून गोष्ट जास्त जुनी होत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पुस्तकात हे शेवटी, बारीक टाइपात अपवाद म्हणून देतात. माझ्या मते आपल्या मुलींना ते पहिल्या दिवशी सांगायला हवं, कारण याची चावी मराठीत आपल्या हातात आधीपासून आहे.

समज, एक लॉट परत आला. तुला दोन गोष्टी विचारायच्यात. तुम्हाला कोणी कळवलं? आणि तुम्ही कोणाला कळवलं? मराठीत दोन प्रश्नांत गोंधळ व्हायची शक्यताच नाही. ‘कोणी’ म्हटलं की तो करणारा, ‘कोणाला’ म्हटलं की ज्याला केलं तो. प्रत्ययाने सगळं सांगून टाकलं. इंग्रजीत दोन्हीकडे नुसता ‘हू’. जुन्या पुस्तकांतला ‘हूम’ आता बोलण्यात क्वचितच ऐकू येतो. मग त्यांनी फरक दाखवायचा कशाने? त्याच दुसऱ्या जागेने. ‘हू इन्फॉर्म्ड यू?’ म्हणजे तुम्हाला कोणी कळवलं. इथे ‘हू’ स्वतःच करणारा आहे, म्हणून ‘डिड’ नाही, वाक्य सरळ. ‘हू डिड यू इन्फॉर्म?’ म्हणजे तुम्ही कोणाला कळवलं. करणारा ‘यू’, म्हणून ‘डिड’ आला. मागे खरंच असं झालं तेव्हा तू मेलमध्ये काय लिहिलं होतंस? ‘हू यू इन्फॉर्म्ड?’ त्या बिचाऱ्याने दोन्हींपैकी कुठला अर्थ घ्यायचा? त्याने एक घेतला, तुम्हाला दुसरा हवा होता, आणि दोन दिवस त्या मेलामेलीत गेले.

म्हणून तोंड उघडण्याआधी मराठीत एवढंच बघ, माझा प्रश्नशब्द करणारा आहे का? ‘कोण येणार’, ‘कोणी तपासलं’, ‘कोणत्या मशीनने हा पार्ट बनवला’, हे सगळे करणारे. तिथे ‘डू’ला सुट्टी. ‘हू चेक्ड धिस?’, ‘व्हिच मशीन मेड धिस पार्ट?’ आणि ‘कोणाला’, ‘कोणाकडून’, ‘कुठे’, ‘कधी’, ‘का’, ‘कसं’ असेल तर करणारा दुसरा कोणीतरी आहे, त्याच्या आधी मदतनीस हवाच. ‘काय’च्या बाबतीत मात्र जरा सावध राहा, ते दोन्हीकडे सारखंच दिसतं. ‘काय झालं?’ यात ‘काय’च कर्ता, म्हणून ‘व्हॉट हॅपन्ड?’ ‘तू काय केलंस?’ यात करणारी तू, म्हणून ‘व्हॉट डिड यू डू?’ या दुसऱ्यात ‘डू’ दोनदा आला म्हणून दचकू नकोस. एक मदतनीस, दुसरा खरा काम करणारा.

वहीत कोरड्या वाक्यांचा सराव करू नकोस, त्याने झोप येते. गच्चीवर जा. समज, तो स्पेनचा माणूस नाशिकला आला, तू त्याला घरी चहाला आणलंस आणि तो आपल्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे बघतोय. तो काय काय विचारेल ते तू विचार. उत्तरं तुला लहानपणापासून पाठ आहेत, त्यामुळे सगळं लक्ष प्रश्नावर राहील. ‘व्हेन डिड द फर्स्ट युनिट स्टार्ट?’ १९७० साली. पहिले दोन संच, १४० मेगावॅटचे, १९७०-७१ मधले, ते केव्हाच बंद झाले. ‘हाऊ मेनी युनिट्स डज द स्टेशन हॅव नाऊ?’ तीन, २१० मेगावॅटचे, १९७९ ते १९८१ या काळात आलेले. ‘हाऊ डज द कोल कम हिअर?’ रेल्वेने. ‘व्हेअर डज द वॉटर कम फ्रॉम?’ गोदावरीतून. ‘व्हॉट हॅपन्स टू द ॲश?’ राखेचं काय होतं, आणि इथे ‘डू’ नाही, का ते आता तुला कळतंय. आपल्या गच्चीवरच्या वाळवणावर लहानपणी काय बसायचं ते सांगायला हा प्रश्न बरा पडेल. कोणी विचारतं, ‘कितवा संच’चं इंग्रजी काय? ते कोडं शाळेतल्या मास्तरांना राहू दे. ‘व्हिच युनिट?’ म्हटलं की काम भागतं.

वरच्या पाण्याच्या प्रश्नात ‘फ्रॉम’ शेवटी लोंबकळत राहिला, पाहिलंस? आपण ‘कुठून’, ‘कोणाशी’, ‘कशासाठी’ म्हणतो, प्रत्यय प्रश्नशब्दाला चिकटून पुढे येतो. बोलण्यातल्या इंग्रजीत प्रश्नशब्द एकटा पुढे जातो आणि शेपूट मागे राहतं. ‘हू आर यू टॉकिंग टू?’ ‘व्हॉट इज धिस होल फॉर?’ आपल्या मुली हे शेपूट हमखास विसरतात, ‘व्हेअर आर यू?’ म्हणून थांबतात. विचारायचं असतं तुम्ही कुठचे, विचारलं जातं तुम्ही आत्ता कुठे आहात. त्यावर समोरचा ‘इन माय ऑफिस’ म्हणाला तर त्यात त्याची काय चूक?

आणि तो समोरचा काही विलायतेचा राजा नव्हे, बरं का. स्पॅनिशमध्ये ‘डू’सारखं काही नाहीच. ‘दोन्दे विवेस?’ एवढ्यात ‘तू कुठे राहतेस’ संपतं. ‘दोन्दे’ म्हणजे कुठे, ‘विवेस’ म्हणजे राहतेस, आणि ‘तू’ म्हणायची गरजच नाही, कारण आपल्यासारखंच त्यांच्या क्रियापदावरून कळतं. म्हणून त्यांचे लोकही इंग्रजीत ‘व्हेअर यू लिव्ह?’च म्हणतात. ‘व्हॉट मीन्स धिस?’ ही त्यांची ठरलेली चूक आणि ‘व्हॉट मीनिंग ऑफ धिस?’ ही आपली. दोघांनाही हवं असतं ‘व्हॉट डज धिस मीन?’ एखाद्या वस्तूला काय म्हणतात हे विचारताना तर आपण त्यांच्यापेक्षा सुखी. त्यांच्याकडे तिथे ‘कसं’ वापरतात, म्हणून ते ‘हाऊ डू यू कॉल धिस?’ म्हणतात. आपलं ‘काय म्हणतात’ थेट ‘व्हॉट डू यू कॉल धिस?’वर जाऊन बसतं. एक गंमत मात्र त्यांची मला फार आवडते. त्यांच्या लिखाणात प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही असतं, उलटं टांगलेलं. १७५४ साली त्यांच्या भाषेच्या अकादमीने तो नियम काढला. का, तर लांबलचक वाक्य वाचताना प्रश्न आहे हे शेवटी कळून काय उपयोग! तुझ्या त्या माणसाच्या मेलमध्ये सुरुवातीला उलटं चिन्ह दिसलं तर तो टायपिंगचा घोळ समजू नकोस.

इंग्रजांचंही सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. १६११ साली छापलेल्या त्यांच्या बायबलात ‘डू’ न घालता क्रियापदच कर्त्याच्या आधी आणून विचारलेले प्रश्न ढिगाने आहेत, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही चाली सुखाने नांदतात. ‘डू’ हळूहळू शिरला आणि मग घरचा मालक झाला. म्हणजे मुळात तो त्यांच्याकडेही नंतर आलेला पाहुणा. तुला तो परका वाटतो यात नवल काहीच नाही.

आता जरा वागण्याबोलण्याचं. ‘व्हाय’ जपून वापर. ‘व्हाय डिड यू रिजेक्ट द लॉट?’ व्याकरणाला अगदी चोख, पण ऐकणाऱ्याला वाटतं पोरगी भांडायला उठली. आपल्याकडे तरी मोठ्या माणसाला ‘का नाकारलंत?’ असं तोंडावर कोण म्हणतं? ‘काय अडचण आली होती?’ असंच म्हणतो ना? मग तिकडेही तसंच. ‘व्हॉट वॉज द प्रॉब्लेम विथ द लॉट?’ हा प्रश्न विचार, कारण तेच कळेल आणि कोणाला टोचणारही नाही. आणि ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ तेवढं सोड. आपलं ‘शुभनाव’ आपल्या घरी गोड आहे, तिकडे लोक विचारात पडतात की वाईट नाव कोणतं.

आदर दाखवायचा तर ‘यू’मध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच होऊन बसलेत, तेव्हा तो वाक्याच्या सुरुवातीला दाखवावा लागतो. ‘कुड यू टेल मी…’, ‘डू यू नो…’ अशी सुरुवात केलीस की एक वेगळीच सोय होते. एकदा पहिल्या तुकड्यात प्रश्न झाला की दुसरा तुकडा सरळ राहतो. ‘कुड यू टेल मी व्हेअर द ओल्ड सॅम्पल्स आर?’ ‘आर द ओल्ड सॅम्पल्स’ नव्हे. ‘डू यू नो व्हेन द कंटेनर विल रीच स्पेन?’ ‘विल द कंटेनर’ नव्हे. म्हणजे तू इतकी धडपडून शिकलेली उलटापालट इथे करायचीच नाही. आपल्या पोरी नेमकं इथे उलटं करतात, साध्या प्रश्नात सरळ ठेवतात आणि या नम्र प्रश्नात उलटवतात. तुझं मन गोंधळलं असेल त्या दिवशी सरळ ‘कुड यू टेल मी’ने सुरुवात कर. वाक्य मराठीसारखं सरळ चालेल आणि वरून तू सभ्यही दिसशील.

अजून एक मिसळ सांगते, फार खपते ती. ‘हाऊ डज इट लुक लाइक?’ यात दोन वाक्यं एकमेकांत घुसलीत. ‘हाऊ डज इट लुक?’ म्हणजे बरं दिसतंय का. ‘व्हॉट डज इट लुक लाइक?’ म्हणजे ते दिसायला कसं आहे, वर्णन कर. ‘लाइक’ आला की ‘व्हॉट’ हवा. त्या पॉलिशिंगच्या डागाबद्दल तुला दुसरं विचारायचं होतं.

शुक्रवारच्या आधी काय करायचं ते ऐक. कॉलमध्ये काय काय विचारायचंय त्याची मराठीत नुसती टिपणं काढ, पूर्ण वाक्यं नकोत. ‘नवीन ड्रॉइंग – कोणी बदललं’, ‘पुढचा लॉट – कधी’, ‘डाग – कसा दिसतो’. प्रत्येकापुढे फक्त पहिले दोन शब्द इंग्रजीत लिही. ‘हू चेंज्ड’, ‘व्हेन डू’, ‘व्हॉट डज’. तेवढे दोन शब्द बरोबर पडले की पुढचं वाक्य तू बोलता बोलता आपोआप जुळवशील, तेवढं इंग्रजी तुझ्याकडे आहे. पूर्ण प्रश्न लिहून नेलास तर तू वाचून दाखवशील, आणि त्याने मध्येच काही वेगळं म्हटलं की कागदावर कुठे होते तेच शोधत बसशील.

आणि काही ऐकू आलं नाही, किंवा आकडा ऐकून धक्का बसला, तर? तो म्हणाला, ‘वी रिजेक्टेड…’ आणि पुढचं नेटवर्कने गिळलं. किंवा त्याने सांगितलेला आकडा एवढा मोठा की तुझा विश्वासच बसेना. तेव्हा ‘यू रिजेक्टेड हाऊ मेनी?’ असं जसंच्या तसं विचार. खिडकीत ‘डिड’ नाही, काही उचलून पुढे आणायचं नाही, उत्तराच्या जागी प्रश्नशब्द, जसं मराठीत करतोस तसं. इंग्रजही दचकले की असंच विचारतात. ‘द कंटेनर इज व्हेअर?’, ‘ही सेड व्हॉट?’ फक्त तो शेवटचा शब्द चांगला वर चढवून बोल, आपण ‘किती म्हणालात?’ म्हणताना ‘किती’ चढवतो ना, तेवढा.